मिरचीतला रेशमी दोरा

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बिघडवल्या. पण मेंदूच्या सर्जनांची आख्खी परीक्षा बेसन आणि दाण्याचं कूट भरून कढईत परतली आणि परीक्षकाच्याच पानात वाढली, याला मात्र तोड नाही. वर "काका, अजून एक घ्या ना, संकोच करू नका" असा आग्रहही केला.

ही गोष्ट माझ्या नातवंडांची लाडकी. पण त्यांना मी हसण्यापुरती अर्धीच सांगते. उरलेली अर्धी डॉक्टर नेवरेकरांची आहे.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहत होतो. तेव्हा तिथली सगळी मराठी मंडळी गणपतीला एका दिवाणखान्यात मावायची आणि तरी दोन खुर्च्या रिकाम्या राहायच्या. आमचे हे औषधांच्या कंपनीत. मी नागपूरची, फिजिक्सची बी.एस्सी., आणि त्या पदवीच्या जोरावर मला जवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. काम काय, तर चाकांच्या गाड्यावर टीव्ही, व्हिडिओ मशीन आणि वायरींची भेंडोळी घालून या मजल्यावरून त्या मजल्यावर ढकलत न्यायची आणि डॉक्टरांची लेक्चरं रेकॉर्ड करायची. पुढे हॉस्पिटलने एक चिमुकला कॅमेरा घेतला. शरीरात घालायच्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला तो चिकटवला की आतलं सगळं टीव्हीवर दिसे. तो कॅमेरा आणि त्याच्यासोबत मी, अशा दोन वस्तू नेवरेकरांच्या हवाली झाल्या. मी आईला पत्रात लिहिलं, "आता ऑपरेशन थिएटरात असते." आईने सगळ्या आळीत सांगितलं, "शालिनी मेंदूची ऑपरेशनं करते." मी ते दुरुस्त केलं नाही. खरं तर थोडंसं मलाही तसंच वाटायचं.

डॉक्टर मूळचे कराडचे. साठीच्या अलीकडे, बुटके, टक्कल, आणि कानांवर केसांचे दोन झुबके. ऑपरेशनच्या टेबलाशी ते लाकडी पाटावर उभे राहत. तो पाट त्यांनी स्वतः रंधा मारून केलेला, आणि सगळं खातं त्याला हात लावायला घाबरे. त्यांची गाडी होती लांबलचक स्टेशन वॅगन, आणि ती ते हायवेवर बैलगाडीसारखी चालवत. मागचे लोक हॉर्न मारमारून पुढे निघून जात. डॉक्टर म्हणत, "जाऊ दे गं. घाई आहे त्यांना. त्यातला एखादा उद्या आमच्याकडेच यायचाय."

हॉस्पिटलात त्यांना सर म्हणायचं आणि घरी काका, असा निर्मलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला नियम घालून दिला होता. मी तो पहिल्याच आठवड्यात मोडला. भर थिएटरात म्हणाले, "काका, फोकस करू का?" तिथे शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना वाटलं, ही काहीतरी मोठी पदवी असणार. तेव्हापासून ते सगळे आदराने "डॉक्टर काका" म्हणायला लागले. तसाच एक शब्द त्यांनी काकांकडून घेतला होता, "हळू". काका इंग्रजीतच शिकवत, पण दुर्बीण आत गेली की तोंडून मराठी निघे. हळू. हळू रे बाबा. ती गोरी, उंचपुरी पोरं एकमेकांना दटावायची, "हळू, मॅन, हळू."

ते शिकवायचे काय, ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात पाणी असतं. नवं पाणी तयार होतं, जुनं वाहून जातं. जायची वाट बुजली की पाणी तुंबतं आणि मेंदू दाबला जातो. त्यावरचा रुळलेला इलाज म्हणजे डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक नळी घालायची. नळी तुंबते. मग ती काढून दुसरी. काका वैतागायचे. "नळी तुंबली की दुसरी नळी, ती तुंबली की तिसरी. अरे, आतल्या आतच पाण्याला एक दार करून द्या ना." ते दार करायचं म्हणजे पेन्सिलीएवढी जाड दुर्बीण पोकळीत उतरवायची आणि पोकळीच्या तळाला, जिथे तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ असतो, तिथे एक छोटंसं भोक पाडायचं. अडचण एकच. त्या पापुद्र्याच्या लगेच खाली एक मोठी रक्तवाहिनी ठोके देत असते. हे काम तेव्हा फार थोडे लोक करत, आणि आमच्या खात्याच्या प्रमुखांना तर ते खेळणंच वाटे.

शनिवारी सकाळी तळघरातल्या एका खोलीत काकांची शाळा भरे. एक बेसिन, एक जुना फ्रिज, आणि टेबलावर ढोबळ्या मिरच्या. ढोबळी मिरची आतून पोकळ, भिंती ओल्या, पडदे नाजूक, बिया लोंबत्या. काका म्हणत, देवाने शिकाऊ सर्जनसाठीच घडवली. देठाजवळ बारीक भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण घालायची, आणि टीव्हीत बघत चिमट्याने सांगितलेली तेवढीच बी काढून आणायची.

ग्रेग नावाचा एक पोरगा होता, डोंगराकडच्या भागातला. हात फावड्यासारखे. मी काकांना एकदा विचारलं, एवढे नाजूक बोटांचे सोडून यालाच का पुढे काढता? म्हणाले, "नाजूक बोटांच्यांना आपल्या बोटांचा फार भरवसा असतो. याला नाहीये. हा मला विचारेल."

त्या ग्रेगने पहिल्यांदा बी काढली तेव्हा टीव्हीवर इतकं सुंदर दिसलं की मी टाळी वाजवली. काकांनी ती मिरची उचलली आणि देठ त्याच्यासमोर धरला. आत जायच्या भोकाची लांब चीर झाली होती.

"पुढे बघत होतास तेव्हा मागे काय केलंस?" काका म्हणाले. "दुर्बिणीला डोळा पुढे असतो, ग्रेग. तिची शेपूट कशाला घासते ते तिला दिसत नाही. तू टोक हलवलंस, इकडे मेंदू फाटला. सरळ जायचं, आणि गेलास तसाच सरळ परत यायचं."

मी टाळी वाजवलेले हात हळूच खिशात घातले.

आणि काकांचे हात? ते त्यांच्या बुडाखाली असत. दोन्ही तळवे स्टुलावर उपडे ठेवून त्यावर ते स्वतः बसत, शाळेतल्या व्रात्य मुलासारखे. शिकवणाऱ्याचे हात त्याच्या बुडाखालीच हवेत, असं म्हणत, नाहीतर ते वळवळतात आणि विद्यार्थ्याच्या हातातलं काम ओढून घेतात. "शालिनी, कॅमेरा यायच्या आधी बरं होतं बघ. भिंगाला डोळा एकच लागायचा, तो विद्यार्थ्याचा. आत काय चाललंय ते मला दिसायचं नाही. मी देवावर सोडून मोकळा. आता तू मला सगळं दाखवतेस. पोरगा चुकीकडे चाललाय हे दिसतं, आणि हात लावायचा नाही. तू माझा छळ मांडलायस."

मी ते कौतुक समजले. तेव्हा मला सगळंच कौतुक वाटे.

आता मिरच्या. सरावाची दुर्बीण वेगळी, साध्या पाण्याने धुतलेली, ती माणसात कधी जात नसे. त्यामुळे शनिवारच्या उरलेल्या मिरच्या मी काकांना विचारून घरी नेत असे. नागपूरची बाई, भाजी टाकून देववत नाही. एका गुरुवारी फ्रिजमध्ये पाहिलं तर पिशवीभर मिरच्या. मला वाटलं, मागच्याच असतील, वाया जातील. शुक्रवारी काका-काकू आमच्याकडे जेवायला येणार होते. नेल्या.

घरी चिरताना पाहिलं तर प्रत्येकीला देठाशी एक गोल, नेमकं भोक. मी म्हटलं, पोरांचा हात आता काय शिस्तीचा झालाय. आत पांढरट दोरे आडवे ताणलेले. घेवड्याला शीर असते तशी या मिरचीला असेल, म्हणून मी ओढून ओढून काढले. जे निघाले नाहीत ते राहू दिले. आठवड्यामागून आठवडे मी टीव्हीवर मिरचीचं पोट बघत होते, त्यात कधी दोरा दिसला नव्हता. पण फिजिक्सच्या पदवीधराला एवढा विचार कुठून सुचणार?

शुक्रवारी जेवताना काका थांबले. तोंडातून काहीतरी ओढू लागले. लांब, पांढरा रेशमी दोरा. टाके घालायचा. त्यांनी तो पानाच्या कडेला ठेवला आणि पाहत राहिले.

"मीठ बरोबर आहे," म्हणाले. मग, "शालिनी, या तळघरातल्या?"

"हो. उरलेल्या होत्या ना, काका?"

"उद्याच्या टेस्टच्या होत्या."

आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकाही हसले. "मोठी परीक्षा होती. तू पोरांच्या आधी दिलीस." मी लाजून, हसून, पदर तोंडाला लावून, सगळं केलं. काकू हसल्या नाहीत. त्या पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर नळ सोडून नुसत्या उभ्या.

"काकू, मी उद्या सकाळीच नवीन आणते. दुकान लवकर उघडतं."

"मिरच्या आणशील गं," काकू म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी ते जेवायला घरी आले नाहीत. त्यांना ते दोरे ओवायला किती वेळ लागला असेल, तुला कल्पना नाही."

मला खरंच नव्हती. मला वाटलं, किती ताणतात या काकू. सुई-दोऱ्याचं तर काम.

सकाळी मी नव्या मिरच्या घेऊन तळघरात गेले. काका आधीच आले होते. त्यांनी सांगितलं, ट्रेसीचं या टेस्टवर ठरणार आहे. ट्रेसी म्हणजे शाळकरी मुलगी, तिची नळी सारखी तुंबायची. सकाळी डोकं धरून ओकायला लागली की आई तिला घेऊन यायची. गाऊन, टूथब्रश आणि कापडी ससा भरलेली बॅग तिच्या आईच्या गाडीच्या डिकीत कायमची असे. काकांनी आईला दाराबद्दल सांगितलं होतं. प्रमुख म्हणाले होते, ग्रेगला मिरचीतला दोरा भिंतीला न लागता कापून दाखवू दे, मग बघू. नाही जमलं तर दुर्बीण कपाटात आणि मुलीला पुन्हा नळी.

"पण तुम्हीच का नाही करत, काका?"

त्यांनी सुई घेतली, दोरा घेतला. दोऱ्याचं टोक सुईच्या या बाजूला गेलं, त्या बाजूला गेलं. उजवा हात असा थरथरत होता की सुईवरचा दिव्याचा उजेड भिंतीवर नाचत होता. त्यांनी मनगट टेबलावर दाबून धरलं. मग डाव्या हाताने उजवा धरला. मी उभी. ती वेळ किती होती देव जाणे.

"हिवाळ्यापासून मी चाकू धरलेला नाही," ते म्हणाले. "प्रमुखांना सांगितलंय. ट्रेसीच्या आईलाही. पोरांना अजून नाही. आधी एक जण तयार होऊ दे, मग जाईन म्हटलं." आणि सुई माझ्यापुढे केली. "तू ओव."

ओवता ओवता मला एक एक गोष्ट आठवायला लागली. थिएटरात हल्ली ते हात काखेत घट्ट धरून उभे राहत. संत्रं काकू सोलून देत. कॉफीचा कप अर्धाच भरून घेत. मी कॅमेरावाली, मला सगळं दिसतं अशी माझी ऐट. बुडाखाली हात घेऊन बसलेला माणूस मी रोज पाहिला, आणि मला वाटलं, काय छान शिकवायची पद्धत आहे.

तेवढ्यात ग्रेग आला, प्रमुख आले. काका स्टुलावर हातांवर जाऊन बसले. ग्रेगने दोरे कापले, एकेक, भिंतीला न लागता, आणि प्रत्येक वेळी गेला तसाच सरळ बाहेर आला. भोकं गोलच राहिली. प्रमुख फक्त "ऑल राइट" म्हणाले.

ट्रेसीच्या ऑपरेशनला मी कॅमेरा लावला. दुर्बीण आत गेली. पाणी नितळ, भिंती मोत्यासारख्या, आणि कडेने एक लाल झालर. "झालर धरून जा, ती आतल्या पोकळीत नेते," काका पाटावरून म्हणाले. हात काखेत. ग्रेग गेला, आणि तो तळ दिसला, आणि त्याखाली काहीतरी ठोके देत होतं. मग कुठूनतरी एक लाल धूर आला, आणि टीव्ही लाल झाला.

मी नॉब फिरवायला लागले. ब्राइटनेस, कलर, जे हाताला लागेल ते. जसं काही रक्त टीव्हीतच सांडलं होतं.

"नॉब सोड," काका मला मराठीत म्हणाले. आणि ग्रेगला, "हळू. हलू नको. पाणी सोडत राहा आणि थांब."

आम्ही थांबलो. लालाचं गुलाबी झालं. तळ पडद्यामागे असल्यासारखा दिसला, आणि पुन्हा लाल. पुन्हा गुलाबी. पुन्हा लाल.

"मला माहीत आहे कुठे आहे ते," ग्रेग म्हणाला. "मी आत्ताच पाहिलं. एकदाच ढकलतो."

 मी काकांकडे पाहिलं. त्यांचे हात काखेतून सुटले होते, अर्ध्यावर आले होते, आणि थरथरत तिथेच थांबले होते. ते त्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी ते परत काखेत घातले.

"दिसतंय का?"

"नाही. पण मला माहीत आहे."

"दिसत नसेल तर परत ये. गेलास तसा."

ग्रेग आला. सरळ आला. ट्रेसीला पुन्हा नळी बसवली.

बाहेर तिच्या आईला काकांनीच सांगितलं. मुलगी बरी आहे, दार झालं नाही. आईने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "म्हणजे बॅग गाडीतच राहू दे." आणि त्यांचा हात हातात घेतला, थरथरता, आणि आपणच तो थोपटला.

ग्रेग जिन्यात बसला होता. काका त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "टेस्ट त्या मिरच्यांची नव्हती. आज होती. पास झालास." ग्रेगने विचारलं, "मुलीला त्याचा काय उपयोग?"  काका त्याच्या शेजारी पायरीवर बसले, हातांवर. मी गाडा घेऊन लिफ्टसाठी ताटकळत होते. लिफ्ट आली आणि गेली, मी बटण दाबलंच नाही.

प्रमुखांनी दुर्बीण कपाटात ठेवली. माझा कॅमेरा पोटाच्या डॉक्टरांकडे गेला, आणि पुढची कित्येक वर्षं मी लोकांची आतडी रेकॉर्ड केली. ते काही आईला लिहिलं नाही.

उन्हाळ्यात काका-काकू कायमचे मुलीकडे, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला जायला निघाले. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना जेवायला बोलावलं. काय करू विचारलं तर काका फोनवर म्हणाले, "तुझी ती परीक्षा कर." म्हणून भरली ढोबळी मिरची केली. दुकानातून आणलेली, बिनभोकाची. तरी प्रत्येक मिरची मी दिव्याखाली धरून दोनदा तपासली.

काकांनी पोळीचा तुकडा मोडला. तोडतानाच ताटली टेबलावर खडखडली. तुकड्यात मिरची धरली. हात उठला, आणि तोंडापर्यंतच्या त्या वीतभर रस्त्यात असा भरकटायला लागला की सारण टेबलक्लॉथवर, सदऱ्यावर गळू लागलं. आमच्या ह्यांनी एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली. मी काकूंकडे पाहिलं. काकू ताठ बसल्या होत्या, नजर काकांच्या घासावर, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली.

मला काही राहवेना. माझा हात पुढे गेला. काकांनी घास तसाच हवेत धरला, आणि मान न वळवता मला म्हणाले:

"शालिनी, हात बुडाखाली. पोचेन मी. नाही पोचलो तर बघत बस, पण हात लावू नकोस."